दवाखान्याच्या कारभारात रुग्णाची खुर्ची

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा शहाजीराजांच्या बंगळूरविषयी लिहावे असाच विचार प्रथम आमच्या मनात आला. परंतु त्या विषयावर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे, आणि जहागिरीच्या स्मरणाने आपली मान ताठ होत असली, तरी आजच्या आपल्या जीवनाशी तिचा संबंध अल्पच उरला आहे. म्हणून आम्ही थोडा निराळा, काहीसा रूक्ष वाटणारा विषय निवडला आहे. सार्वजनिक दवाखाना हा जनतेच्या पैशावर चालतो. मग त्याचा कारभार जेथे ठरतो, तेथे रुग्णाच्या वतीने बोलणारा कोणी बसतो काय? आणि बसत असेल, तर त्याला तेथे कोणी पाठविले? २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत एका खाटेसाठी रात्र-रात्र दूरध्वनी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न रूक्ष वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

या प्रश्नाचा इतिहास बंगळूरपुरता पाहावयाचा, तरी सुरुवात मुंबईपासूनच करावी लागते. कारण ज्या रोगाने या शहराला सार्वजनिक आरोग्याचा पहिला कठोर धडा दिला, तो तिकडूनच आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसे पटापट मरू लागली. हा ताप साधा नसून गाठीचा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. डॉ. व्हिएगस मूळचे गोव्याचे, बारदेशातील हडफड्याचे. ते केवळ डॉक्टर नव्हते, तर मुंबई महापालिकेचे सदस्य होते, आणि प्लेगची वार्ता त्यांनी स्थायी समितीपुढे मांडली. आरंभी या निदानाविषयी शंका घेतल्या गेल्या, परंतु ते अखेर खरे ठरले. धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबई महापालिकेत निवडणुकीचे तत्त्व १८७२ च्या कायद्याने आले होते. मत केवळ कर भरणाऱ्यांना होते, गिरणीतल्या मजुराला नव्हते. तरीही सभागृहातील बऱ्याच जागा शहराने निवडून दिलेल्या होत्या. रोग्याच्या बिछान्यापाशी उभा राहिलेला माणूसच दुसऱ्या दिवशी समितीच्या मेजापाशी बसू शकत होता, म्हणून मांडवीची बातमी कारभाऱ्यांच्या कानांपर्यंत पोहोचली. अशा खुर्चीचा उपयोग काय, असे कोणी विचारले, तर व्हिएगसांचे उदाहरण आम्ही सर्वप्रथम देऊ.

परंतु पुढे काय झाले? ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयावर हल्ला केला. हेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते, आणि २०२० मध्ये करोनाचे मुंबईतील पहिले रुग्ण तेथेच ठेवण्यात आले होते. कामगारांचा राग औषधावर नव्हता. आपला माणूस आत जातो, त्याचे काय होते ते कळत नाही, बाहेर येते ते प्रेत, अशी त्यांची भावना झाली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चमध्ये सरकारने महापालिकेला बाजूस सारून जनरल गॅटाक्रे यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली. तीत सारे अधिकारीच होते. पुण्यास रँडसाहेबांच्या कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या घेतल्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत काय घडले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका बारा वर्षांच्या आजारी मुलीला घरातून नेण्यावरून दंगल उसळली.

त्याच काळात दुसरेही एक दृश्य दिसत होते. मुंबईत निरनिराळ्या जातिजमातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढली, आणि सरकारी रुग्णालयाचे नाव काढताच दाराला कडी घालणारे लोक तेथे आपल्या माणसांना आपण होऊन नेऊ लागले. पुण्यास टिळकांनी हिंदूंसाठी असे रुग्णालय चालविले. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने देह ठेवला. या रुग्णालयांत सरकारी रुग्णालयाहून अधिक गुणकारी औषध होते असे नाही. प्लेगवर खात्रीचे औषध त्या वेळी कोणापाशीच नव्हते. फरक होता तो विश्वासाचा. तेथे विचारपूस करता येत होती, आणि उत्तर देणारा माणूस ओळखीचा होता.

आता आपल्या बंगळूरकडे वळू. सदर्न मराठा रेल्वेच्या ज्या रुळांवरून पुणे, बेळगाव, हुबळीकडची आपली माणसे नोकरीधंद्यासाठी इकडे येत होती, त्याच रुळांवरून ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेगही आला. पेठेतील अरुंद गल्ल्यांतून तो झपाट्याने पसरला आणि बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे शहर सोडून गेली. प्लेगच्या मारीअम्मेची लहान देवळे या शहरात आजही आढळतात, ती त्या भीतीची साक्ष देतात.

म्हैसूर संस्थानने त्या वेळी प्लेग कमिशनर म्हणून नेमलेले अधिकारी होते व्ही. पी. माधवराव. हे नाव आपल्या मुलांना माहीत असावयास हवे. विश्वनाथ पाटणकर माधवराव यांचा जन्म १८५० मध्ये कुंभकोणम येथे तंजावरी मराठी देशस्थ कुटुंबात झाला. आपल्याप्रमाणेच तेही महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी परंपरेतले होते. म्हैसूरच्या नोकरीत ते पायरीपायरीने चढले, पुढे त्रावणकोरचे, १९०६ ते १९०९ म्हैसूरचे आणि त्यानंतर बडोद्याचे दिवाण झाले. दाटीची वस्ती विरळ करणे, बाधितांसाठी छावण्या उभारणे, ही कामे त्यांच्या देखरेखीखाली झाली. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या अंगणांच्या वसाहती प्लेगच्याच धसक्यातून वाढल्या. ज्या व्हिक्टोरिया रुग्णालयाचा पाया १८९७ मध्ये घातला गेला होता, त्याचे उद्घाटन डिसेंबर १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले.

माधवराव कर्तबगार होते यात शंका नाही. परंतु या साऱ्या योजनेत पेठेतल्या रहिवाशाला विचारण्याची जागा कोठे होती? म्हैसूर संस्थान या बाबतीत इतर संस्थानांच्या पुढे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ मध्ये प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली होती. दसऱ्याच्या सुमारास म्हैसुरास जमून प्रजेचे प्रतिनिधी आपली गाऱ्हाणी दिवाणांपुढे मांडीत. पण ती मांडण्यापुरतीच. निर्णय दरबाराचा असे. खुद्द माधवरावांच्या दिवाणगिरीत १९०७ मध्ये विधिमंडळ आले, आणि त्यांच्याच कारकीर्दीत १९०८ मध्ये वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाही आला. ज्याने शहर मोकळे श्वास घेईल असे रस्ते आखले, त्याच्याच हातून टीकेचा श्वास कोंडला गेला. आम्ही स्वतः सरकारी नोकरीत केस पिकविलेले आहोत. म्हणून हे लिहिताना कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. चांगला अधिकारी लोकांसाठी पुष्कळ करू शकतो, परंतु तो लोकांच्या जागी बसू शकत नाही, एवढेच यावरून दिसते. उत्तरायुष्यात माधवराव काँग्रेसच्या चळवळीकडे वळले, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

ती जागा लोकांनी घेतली, तर काय होऊ शकते, याचे उदाहरण पुन्हा मुंबईनेच घालून दिले. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते. तेथून हिंदी डॉक्टर शिकून बाहेर पडत. मात्र सरकारी रुग्णालयांतील वरिष्ठ जागा आणि प्राध्यापकपदे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांसाठी राखीव असत, आणि त्या सेवेत बहुतांशी इंग्रजच होते. डॉ. के. एन. बहादुरजींसारख्यांनी याविरुद्ध आवाज उठविला. अखेर सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांची देणगी, सातव्या एडवर्ड बादशहाच्या स्मारकाचा निधी आणि महापालिकेचा पैसा यांच्या मेळातून परळला वैद्यकीय महाविद्यालय १९२५ मध्ये आणि के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये उभे राहिले. देणगीदारांची अट अशी, की अध्यापक सरकारी सेवेतील नसावेत, हिंदी असावेत. ही अट मान्य करून ती अमलात आणू शकली ती महापालिका. कारण तिच्यात लोकांनी निवडलेले सदस्य होते. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता १९४२ पर्यंत त्या पदावर होते. गिरणगावच्या मध्यभागी, जेथे तीस वर्षांपूर्वी रुग्णालयावर दगड आले होते, तेथून जवळच हे रुग्णालय उभे राहिले, आणि कोकणातून, घाटावरून आलेला कामगार तेथे आपल्या पायांनी जाऊ लागला. परळचे के. ई. एम. म्हटले की आजही मराठी माणूस ते परके मानीत नाही.

महापालिकेच्या समितीवर बसणारा सदस्य शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगत नाही, आणि सांगूही नये. त्याचे काम निराळे असते. अंदाजपत्रकात औषधांसाठी किती रक्कम धरली, त्यातली किती खर्च झाली, बाह्यरुग्ण विभागात लोक किती वेळ ताटकळतात, रात्रपाळीस परिचारिका किती असतात, तक्रारींचे पुढे काय होते, हे विचारणे आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे, हे ते काम होय. ज्योतिराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते ते १८७६ ते १८८२ या काळात, आणि तेही सरकारनियुक्त. तरीदेखील लॉर्ड लिटन यांच्या स्वागतार्थ सजावटीवर हजार रुपये उधळण्यास विरोध करणारे एकमेव मत त्यांचे होते. खुर्ची नेमणुकीची असली तरी तिच्यात बसणाऱ्याचे तोंड कोणाकडे आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. मात्र प्रत्येक नेमलेला सदस्य ज्योतिराव नसतो, म्हणून निवडणुकीची आवश्यकता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा विचार देशपातळीवर मांडला गेला, तोही आपल्याकडच्या एका माणसाच्या अध्यक्षतेखाली. सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ मध्ये नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि सेवा सनदी. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये दिलेला अहवाल म्हणजे भारतीय आरोग्यव्यवस्थेची पायाभरणीच. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये, हे त्यातील सूत्र पुष्कळांस माहीत आहे. गावोगावी लोकांच्या आरोग्य समित्या असाव्यात, लोकांच्या सक्रिय सहकार्यावाचून कोणतीही योजना टिकणार नाही, असेही त्या अहवालाने बजाविले होते, हे मात्र फारसे आठवले जात नाही. पुढे महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, त्यांच्या आरोग्य समित्यांकडे ग्रामीण आरोग्य केंद्रांची देखरेख गेली. कर्नाटकातही अब्दुल नझीर साब यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या.

रुग्णालयाच्या पातळीवर असाच एक प्रयोग होळकरांच्या इंदुरात झाला. १९९४ मध्ये सुरतेस प्लेगची भीती पसरली, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झालेला होता. नागरिकांच्या साहाय्याने रुग्णालय रिकामे करून साफ करण्यात आले, हजारो उंदीर मारले गेले, आणि त्या अनुभवातून रुग्ण कल्याण समितीची कल्पना पुढे आली. ही कल्पना २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर नेली. कर्नाटकात तिला आरोग्य रक्षा समिती म्हणतात. शंभर वर्षांनी पुन्हा प्लेगनेच दार ठोठावले, तेव्हा आपण जागे झालो! परंतु या समित्यांत बहुतेक सदस्य पदसिद्ध किंवा नेमलेले असतात, आणि रुग्णांकडून शुल्क गोळा करणारी समिती असे रूपही काही ठिकाणी त्यांना आले.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना तेथील व्यवस्था परिचित असेल. राष्ट्रीय आरोग्य सेवेतील फाउंडेशन ट्रस्ट नावाच्या रुग्णालय-संस्था एप्रिल २००४ पासून सुरू झाल्या. त्यांच्या गव्हर्नरांच्या मंडळावर त्या भागातील नागरिक, रुग्ण आणि कर्मचारी आपापले प्रतिनिधी मतदानाने पाठवितात. हे गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. ते बिनपगारी साधे नागरिक असतात, पण संस्थेच्या अध्यक्षाची नेमणूक त्यांच्या हाती असते. मात्र खुर्ची निवडणुकीची असली म्हणजे भागते असे नाही. मिड स्टॅफर्डशायरच्या ज्या संस्थेला २००८ मध्ये हा दर्जा मिळाला, तिच्या रुग्णालयात रोग्यांची भयंकर हेळसांड झाल्याचे चौकशीत उघडकीस आले, आणि २०१३ च्या फ्रान्सिस अहवालाने देखरेख करणाऱ्या सर्वांनाच जाब विचारला. २०२५ मध्ये तेथील सरकारने या गव्हर्नर-मंडळांची सक्ती काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला. झोपलेली खुर्ची अखेर उचलली जाते, हा त्यातील धडा आम्ही घेतो.

या बाबतीत आमचा स्वतःचा अनुभवही फारसा भूषणावह नाही. केंद्र सरकार आरोग्य योजना दिल्लीत १९५४ मध्ये आणि बंगळूरमध्ये १९७६ मध्ये सुरू झाली. तिच्या एका दवाखान्याच्या सल्लागार समितीवर कर्मचाऱ्यांनी आम्हाला काही वर्षे आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले होते. तेथे मधुमेहाच्या वृद्ध निवृत्तांना एका औषधासाठी तीन खेपा घालाव्या लागत: एकदा डॉक्टरांना दाखवावयास, एकदा मागणी नोंदवावयास, आणि एकदा औषध न्यावयास. आम्ही हा मुद्दा मांडला. ‘नियमानुसार कार्यवाही चालू आहे’ असे उत्तर मिळाले. ते ऐकून आम्ही खजील झालो. कारण आमच्या कार्यालयात असे वाक्य आम्ही स्वतः शेकडो टिपणींवर लिहिले होते. मेजाच्या पलीकडे बसल्यावर त्याचा अर्थ प्रथम कळला. चार बैठकांत तोच प्रश्न विचारल्यावर एक खेप कमी झाली. पुढच्या वर्षी दौऱ्यांमुळे दोन बैठकांना आमची गैरहजेरी घडली, आणि तिसऱ्या बैठकीस गेलो तेव्हा ती कमी झालेली खेप परत आलेली होती. कोणी दुष्टपणाने ती आणली नव्हती. विचारणारा नव्हता, एवढेच झाले होते.

आता पुन्हा २०२१ कडे येऊ. बंगळूर महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सदस्यांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली होती आणि नव्या निवडणुका झाल्या नव्हत्या. करोनाची दुसरी लाट आली तेव्हा वार्डाचा म्हणून कोणी नगरसेवक नव्हता. अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी जिवापाड कष्ट केले, हे आम्ही जवळून पाहिले. परंतु आपल्या गल्लीतल्या कोणास खाट मिळाली नाही, कोणाचा प्राणवायू संपत आला, हे ज्याच्या दारी जाऊन हक्काने सांगावे, असा माणूस नव्हता. लोकांनी ओळखीपाळखी शोधल्या. ज्यांना कानडी येत होते, ज्यांचे आप्त वैद्यकीय क्षेत्रात होते, त्यांचे निभावले. ज्यांचे कोणी नव्हते, त्यांचे काय झाले हे विचारावयास आपणही गेलो नाही. १८९८ सालच्या पेठेतल्या माणसाची असहायता आणि ही असहायता यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, असे त्या रात्री वाटले नाही. पुढे २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या. पाच झाल्या तरी प्रश्न तोच, की खुर्चीत लोकांनी पाठविलेला माणूस असणार की नाही?

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात हे सारे कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे. गणेशोत्सवाची वर्गणी, नाटकाचा हिशेब, कार्यकारिणीची निवडणूक, सर्वसाधारण सभेत चहाच्या खर्चावरून होणारा वाद, या सर्वांत आपण पन्नास वर्षे एक विद्या शिकत आलो आहोत. जमाखर्च मागणे, इतिवृत्त वाचणे, न पटल्यास उभे राहून विचारणे, ही ती विद्या. ती आपण मंडळाच्या दारातच काढून ठेवतो, आणि बाहेर पडलो की, ‘आपण इथले नव्हे, आपल्याला काय करायचे?’ असे म्हणतो. माधवरावांनी असे म्हटले नाही. बारदेशातून मुंबईस गेलेल्या व्हिएगसांनीही म्हटले नाही. ज्या शहरात आपली मुले जन्मली आणि ज्या शहरातील दवाखान्यात आपले वडीलधारे शेवटचे औषध घेणार, ते शहर आपले नव्हे काय?

मंडळातील तरुणांस आमची विनंती एवढीच, की आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्याची समिती कोणती, तिच्यावर कोण आहे, ती बसते केव्हा, याची चौकशी करावी. कानडी उत्तम शिकावी, कारण या शहरातील रुग्णाचे गाऱ्हाणे त्याच भाषेत ऐकावे लागेल. महापालिकेसाठी मत देण्याची वेळ येईल तेव्हा उमेदवारास रस्त्याबरोबर दवाखान्याविषयीही विचारावे, आणि जमल्यास स्वतः उभे राहावे. मंडळाच्या हीरकमहोत्सवी अंकात अशा एखाद्या सभासदाने आपला अनुभव लिहिला, आणि ती कमी झालेली खेप पुन्हा परत आली नाही असे त्याला सांगता आले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.